आमचा शब्द

बोस्टनला केंब्रिज स्ट्रीट आणि लिंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लाल विटांचं एक तीन मजली घर आहे, हॅरिसन ग्रे ओटिस हाउस. कामावर जाता-येता बसमधून मी ते कित्येक वर्षं बघत होते, आत मात्र कधी गेले नव्हते. मध्यंतरी एका पावसाळी दुपारी छत्री उलटी झाली, अंगातला कोट भिजून जड झाला, आणि आडोसा म्हणून मी तिकीट काढून आत शिरले. आम्ही सहाजण होतो. गाइड मुलगी गोड होती, आवाज हळू, प्रत्येक दाराशी थांबून आम्ही सगळे आत आलोय ना ते बघायची. घर बांधणाऱ्या माणसाचं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, की पुढे १८३०च्या दशकात इथे मिसेस मॉट नावाच्या बाई आल्या आणि त्यांनी या घरात ‘चांपू बाथ’ सुरू केले. औषधी वाफेची न्हाणी, वर अंगमर्दन. चांपू हा शब्द कुठून आला असेल, असं तिनं विचारायच्या आतच माझ्या तोंडून निघून गेलं, “हा आमचा शब्द आहे!”

सगळे वळून कौतुकानं हसले. मलाही बरं वाटलं. चांपणं, चेपणं, चंपी. पाटण्याचा शेख दीन महंमद हा शब्द घेऊन इंग्लंडला गेला, ब्रायटनला समुद्राकाठी त्यानं न्हाणीघर काढलं, राजेरजवाडे त्याच्याकडून अंग रगडून घ्यायला लागले, आणि हिंदीतलं ‘चांपो’ इंग्रजीत शॅम्पू होऊन बसलं. आज आपण केसांना लावतो तो शॅम्पू तोच. एवढं मला माहीत होतं, ते मी घडाघडा सांगून टाकलं. निघताना दाराशी छत्र्या शोधत असताना आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी मला विचारलं, “पण तुमच्याकडे हे करायचं कोण?” प्रश्न अगदी साधा होता. त्यांना खरंच कुतूहल होतं. मी म्हटलं, “घरी... कुणीतरी यायचं.”

कुणीतरी यायचं.

बसमध्ये बसल्यापासून ते शब्द माझ्या मागे लागले. शब्द आमचा म्हणून मी छाती पुढे काढली होती, आणि तो शब्द हातांनी जगणारी बाई माझ्या वाक्यात ‘कुणीतरी’ होऊन गेली होती.

त्यानंतर मी त्या घरात आणखी तीनदा गेले. पहिल्यांदा फक्त कोरडं व्हायचं होतं, आता बघायचं होतं. आधी समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघितलं. पाच खिडक्या रुंद, तीन मजले उंच, आणि सगळं इतकं मापात, की नजर कुठेही अडखळत नाही. दर्शनी भिंत सपाट आहे. खांबांचा बडेजाव नाही, सज्जे नाहीत, विटांचा एक ताणून बसवलेला पडदा, मजल्यांमध्ये फिकट आडवी पट्टी. बरोबर मध्ये, दारावरच्या मजल्याला एक तिपेडी खिडकी, मधली कमानीची आणि दोन्ही बाजूंना दोन अरुंद. तिच्याही वर अर्धवर्तुळाची छोटी खिडकी. सगळ्यात वरच्या मजल्याच्या खिडक्या बुटक्या केलेल्या, त्यामुळे घर वर जाताना हलकं होत जातं. ज्याला फेडरल शैली म्हणतात ती हीच. नवं राष्ट्र उभं राहिल्यावर १७८० ते १८३०च्या दरम्यान अमेरिकेतल्या पैसेवाल्यांनी अशी घरं बांधली. इंग्लंडशी लढाई झाली होती, तरी डौल लंडनचाच हवा होता. ॲडम या वास्तुकार बंधूंनी तिकडे रूढ केलेली नाजूक नक्षी, लंबगोल, पानांच्या माळा, बारीक काड्यांची तावदानं, हे सगळं इकडे विटांत आणि लाकडात उतरलं. आपल्या वाड्याची सवय असलेल्या डोळ्यांना एक गोष्ट लगेच खटकते. वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो. बाहेर उंच भिंत, खिळे मारलेला दरवाजा, सगळा जीव आतल्या चौकात. हे घर मात्र तोंड धुऊन, भांग पाडून रस्त्याकडे बघत उभं आहे. ते कुणीतरी बघावं म्हणूनच बांधलंय.

बघावं असं ज्याला वाटत होतं तो हॅरिसन ग्रे ओटिस, तरुण वकील, राजकारणी आणि जमिनींचा व्यापारी. घर पुरं झालं १७९६ साली, तेव्हा तो तिशीत होता. घराचा आराखडा चार्ल्स बुलफिंचचा. मॅसॅच्युसेट्सचं सोनेरी घुमटाचं स्टेट हाउस, म्हणजे राज्याचं विधानभवन, ज्यानं बांधलं आणि पुढे वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचं काम ज्याच्याकडे गेलं, तोच हा. बुलफिंचनं फिलाडेल्फियात विल्यम बिंगहॅमचं घर पाहिलं होतं, त्याची छाप इथे स्पष्ट दिसते. याच सुमाराला ओटिस आणि त्याच्या भागीदारांनी जवळच्याच बीकन हिल या टेकडीवरची चित्रकार कोपली याची जमीन विकत घेतली. कोपली लंडनला होता. शेजारीच स्टेट हाउस येणार हे त्याच्या कानावर उशिरा गेलं, तोवर व्यवहार झाला होता. ओटिसला ते आधीच ठाऊक होतं, कारण जागा निवडणाऱ्या समितीत तो स्वतः होता. हे वाचल्यावर मला आपल्याकडची किती तरी माणसं आठवली. जमिनीचा धंदा सगळीकडे सारखाच चालतो. बुलफिंचचं मात्र उलटं झालं. टाँटाइन क्रेसेंट नावाची घरांची सुंदर चंद्रकोर बांधायला घेतली आणि त्यात तो बुडाला, पुढे १८११ साली कर्जापायी तुरुंगातही गेला. ती घरं एकोणिसाव्या शतकातच पाडली गेली. आता फ्रँकलिन स्ट्रीटवर फक्त रस्त्याचं वळण उरलंय. ज्याच्यासाठी त्यानं एकामागून एक तीन घरं बांधली त्या ओटिसची तिन्ही घरं मात्र आजही शाबूत आहेत.

या पहिल्या घरात ओटिस राहिला किती? जेमतेम पाच वर्षं. १८०१ साली तो उठून बीकन हिलवर, आपल्याच जमिनीवरच्या नव्या घराकडे निघाला.

आत जाऊन बघताना हे पाच वर्षांचं गणित माझ्या डोक्यात सतत चालू होतं. कारण घर आता त्या पाच वर्षांसारखं दिसावं असं सजवलंय. न्यू इंग्लंडमधल्या जुन्या वास्तू वाचवायला १९१० साली विल्यम समनर ॲपलटन यानं एक संस्था काढली, तिनं १९१६ साली हे घर घेतलं. तोवर घराच्या पुढ्यात दुकानं उभी राहिली होती, दर्शनी भाग त्यांच्या मागे अर्धा लपला होता. ती काढली, दार पुन्हा घडवलं. पुढे रंगांचा शोध लागला तो मला सगळ्यात आवडला. बरीच वर्षं लोकांचा समज होता की जुनी घरं म्हणजे पांढुरकी, करडी, सोज्वळ. मग भिंतीच्या आणि लाकडाच्या रंगाचे कण काढून, राळेत बसवून, घासून गुळगुळीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले गेले. कणाच्या कडेला थर दिसतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. सर्वांत खालचा थर म्हणजे पहिला रंग. आणि तो सोज्वळ मुळीच नव्हता. जवसाच्या तेलातला रंग उजेड न मिळता पिवळा पडतो, काही निळे हिरवट होतात, त्यामुळे लोक इतकी वर्षं फसले होते. आता भिंती खणखणीत रंगांच्या आहेत, खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नक्षीदार गालिचा. पहिल्या पावलाला मला चक्क लग्नाच्या मांडवात आल्यासारखं वाटलं.

पण मी त्या थरांवर अडले. एका कणात दहा-बारा थर असतील तर घरानं निवडलेला थर सर्वांत खालचा. वरचे सगळे म्हणजे मॉटबाईंचा काळ. मग शतकाच्या मध्याला चार विल्यम्स बहिणींनी इथे चालवलेली सभ्य खानावळ-वजा बोर्डिंग. मग आणखी भाडेकरू, दुकानदार. ओटिसची पाच वर्षं सोडून बाकीची शंभरावर वर्षं. गाइड मुलगी ते सगळं सांगते, मनापासून सांगते, यात तिचा काही दोष नाही. पण ती ते सांगते तेव्हा आम्ही उभे असतो ओटिसच्याच दिवाणखान्यात. बाकीच्यांना भिंत मिळालेली नाही. चौथ्या खेपेला तर मी त्या गालिच्यावर उभी राहून डोळे मिटले आणि वाफ आणायचा प्रयत्न केला. औषधी पाल्याचा वास, ओल्या लाकडाचा वास, दाराआड थांबलेल्या बायकांची कुजबुज. एलिझाबेथ मॉट आणि तिचा नवरा इंग्लंडहून आले होते. जाहिरातीत ती स्वतःला ‘नामांकित स्त्री वैद्य’ म्हणवून घ्यायची. पदवी नव्हती, शहरातले डॉक्टर नाकं मुरडत असणार. पण ज्या बायकांना पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं दाखवायची लाज वाटायची त्या या कोपऱ्यावर यायच्या.

त्यांतली एक होती सारा हंट. बरेच महिने अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांचे डाग, जळवा आणि कडक औषधं सोसून थकलेली. १८३३ साली मॉटांकडे उपचार सुरू केल्यावर तिला उतार पडला. बहीण हॅरियट हे सगळं बघत होती. ती मॉटांच्याच हाताखाली शिकली, आणि १८३५ साली दोघी बहिणींनी बोस्टनमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. हॅरियट हंटनं पुढे हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेचं दार ठोठावलं, ते तिच्यासाठी उघडलं नाही. अमेरिकेत वैद्यकी करणाऱ्या पहिल्या बायकांमध्ये आज तिचं नाव घेतात. आपल्याला आनंदीबाई जोशी ठाऊक, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या बायकांच्या कॉलेजातून डॉक्टर झालेल्या. ते कॉलेज निघायच्या कितीतरी आधी, एका वाफेच्या खोलीत, आपल्याकडून गेलेल्या एका शब्दाच्या पाटीखाली एक मुलगी बाईच्या हातून बाईचं शरीर कसं जाणावं ते शिकत होती. मला हे कळलं तेव्हा त्या जिन्यात मी कठड्याला हात लावून उभी राहिले. कठडा बारीक आहे, मुठीत मावतो, थंड लागतो.

आणि तरीही. मॉटबाईंच्या न्हाणीत पाणी कोण तापवत होतं? कोळसा कोण वर नेत होतं? अशा मोठ्या घरांना मिरवायचा जिना वेगळा आणि कामाचा जिना वेगळा असायचा. पुढच्या जिन्याला नक्षी, उजेड. मागचा अरुंद, चढा, अंधारा, म्हणजे राखेची बादली आणि मळके कपडे पाहुण्यांच्या नजरेला पडायला नकोत. ओटिसला पुढे आयुष्यभर गाऊटचा त्रास होता, पावलं सुजायची, ठणकायची. तो शहराचा महापौर झाला, त्याची भाषणं छापली गेली, त्याच्या मेजवान्यांचे किस्से अजून सांगतात. त्या सुजलेल्या पावलांना रात्री फडकी गुंडाळणाऱ्या हातांचा किस्सा कुणी सांगत नाही.

आता माझ्या घराचं सांगते. आमचं आजोळ वाईचं. कृष्णेच्या घाटापासून वर चार मिनिटांवर वाडा, मागे परस, परसाला दार. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. सकाळी आठच्या सुमाराला त्या परसातल्या दारानं एक बाई यायच्या. आम्ही त्यांना चोळणाऱ्या बाई म्हणायचो. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळावर गोंदलेलं, हात लाकडासारखे. न्हाणीघराजवळच्या अंधाऱ्या खोलीत आई खाटेवर. शेगडीवर तेलाची वाटी, त्यात लसूण आणि ओवा कडकडलेला. तो वास आत्ता लिहितानाही नाकात शिरला. बाई आधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासायच्या, तो सरसर आवाज व्हायचा, मग आईच्या पाठीवर हात टेकायच्या. आई “अगं आई गं” म्हणायची आणि मग एकदम गप्प व्हायची. बाळाला त्या दोन्ही पाय लांब करून मांडीवर उपडं घ्यायच्या. ते रडून रडून लाल व्हायचं, आंघोळ घालून, धुरी देऊन दुपट्यात बांधलं की तासन्‌तास झोपायचं. आणि जायच्या आधी त्या आजीच्या पायाशी बसायच्या. आजीच्या पोटऱ्या चेपायच्या, टाचेपासून वर, अंगठ्यानं, एक एक शीर शोधून. आजी डोळे मिटून म्हणायची, “तुझ्या हातात देव आहे.”

मग त्यांना चहा मिळायचा. परसातल्या पायरीवर. त्यांची कपबशी आमच्या कपाटात नसायची. ती परसाच्या दाराशेजारच्या कोनाड्यात पालथी घातलेली असायची. चहा झाला की बाई ती स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायच्या.

हातात देव होता, आणि कप वेगळा होता. सहा वर्षांच्या मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यानंतरही कितीतरी वर्षं नाही वाटलं, हे आज इथे लिहिताना मला जड जातंय.

ओटिस हाउसच्या समोर केंब्रिज स्ट्रीट ओलांडला की बीकन हिलचा उत्तर उतार लागतो. तिथे त्या काळी शहरातल्या स्वतंत्र काळ्या लोकांची वस्ती होती. अनेक जण वरच्या उतारावरच्या बड्या घरांत काम करून संध्याकाळी इकडे परतायचे. जॉय स्ट्रीटच्या आत, एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं आफ्रिकन मीटिंग हाउस आहे, १८०६ सालचं, तेही लाल विटांचं. याच साली ओटिसच्या घराला लागून ओल्ड वेस्ट चर्च उभं राहिलं. याच सुमाराला ओटिसनं आपलं तिसरं घर बांधलं. १८३२च्या जानेवारीत, बर्फात, त्या मीटिंग हाउसमध्ये विल्यम लॉइड गॅरिसननं गुलामगिरीविरुद्धची संघटना स्थापली. तीन वर्षांनी फॅन्युएल हॉलमध्ये त्याच चळवळीविरुद्ध सभा भरली, आणि तिथे म्हातारा ओटिस उभा राहून बोलला. ओटिस हाउस आणि मीटिंग हाउस यांच्यामधलं अंतर मी चालून बघितलं. चढ धरून, दम खात, सात-आठ मिनिटं. वीट तीच, चुना तोच. मीटिंग हाउसच्या लाकडी बाकाशी बसले तेव्हा मला पहिल्यांदा त्या परिसराचा मागचा जिना सापडल्यासारखं वाटलं.

घर वाचलं कसं, हेही सांगायला हवं. १९२५ साली केंब्रिज स्ट्रीट रुंद करायचा ठरला आणि घर आड येत होतं. पाडायच्या ऐवजी ते उचलून सुमारे चाळीस फूट मागे सरकवलं. तीन मजली विटांचं घर! अशा कामात भिंतींना पायापाशी भोकं पाडून आडव्या तुळया घालतात, जॅक लावून घराचा भार त्या तुळयांवर घेतात, खाली रूळ सरकवतात आणि इंचाइंचानं ओढत नेतात. एका माणसाच्या पाच वर्षांसाठी एवढा जीव पाखडला, मला त्याचं अजूनही अप्रूप वाटतं, आनंदही वाटतो. पण १९५८ ते १९६०च्या दरम्यान याच घराच्या मागचा सगळा वेस्ट एंड शहरानं ‘झोपडपट्टी’ ठरवून भुईसपाट केला. इटालियन, ज्यू, पोलिश, अडीच हजारांहून जास्त कुटुंबं. त्यांची घरंही विटांचीच होती. त्यांना मागे सरकवायला कुणी जॅक आणले नाहीत. तिथे उंच इमारती आल्या आणि रस्त्यावर एक पाटी लागली, ‘इथे राहत असता तर आत्ता घरी पोचला असता.’ वाहतुकीत अडकलेल्यांसाठी ती जाहिरात होती. उठवलेली माणसंही त्याच रस्त्यानं जात असतील.

गेल्या आठवड्यात मी पुण्याला आत्याला फोन केला. मुळात ती आईची मैत्रीण, मग वहिनी-नणंद झाल्या, त्यामुळे भावाच्या वेळी ती वाईलाच मदतीला होती. मी विचारलं, “आत्या, त्या चोळणाऱ्या बाईंचं नाव काय गं?”

“नाव?” ती थांबली. “अगं, चोळणाऱ्या बाईच म्हणायचो की आपण.”

“पण आजी काय हाक मारायची?”

“हाक कशाला मारेल? त्या वेळेवर यायच्या.” मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. “का गं? एकदम?”

मी तिला घराचं सांगितलं, वाफेचं, मॉटबाईंचं, हॅरियट हंटचं. त्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलेलं सांगितलं. आत्या शिकलेली आहे, शाळेत बाई होती, तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “बघते आठवतंय का.” दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी, इथल्या पहाटे, व्हॉट्सॲपवर तिचा निरोप होता. वाईच्या दोन म्हाताऱ्या शेजारणींना विचारलं, त्यांनाही नाव आठवत नाही. राहायला नदीपलीकडे होत्या. एक मुलगा होता, एसटीत लागला होता. खाली एक ओळ रिकामी सोडून तिनं पुढे लिहिलं होतं, “कप मात्र आठवतो. पांढरा, निळ्या फुलाचा. कान तुटलेला होता, म्हणून आम्ही तो त्यांना काढून ठेवला होता.”